चौक गावच्या भिंतीवर, बिल दुसऱ्याच्या नावावर

होळी पेटली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड पट्ट्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक म्हणजे पाण्याच्या टँकरची वाट बघणं. दुसरी म्हणजे बोहाड्याची तयारी. वीटभट्टीवर गेलेली बिऱ्हाडं सणापुरती का होईना गावी परततात. माळ्यावर गुंडाळून ठेवलेले मुखवटे खाली येतात, त्यांच्यावर रंगाचा हात फिरतो, संबळ वाजून बघितला जातो. तिकडं डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लगीनसराई लागलेली असते. भिंतीला गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो.

आणि नेमका हाच मुंबईतल्या चित्रांचाही हंगाम. फेब्रुवारी आला की काळा घोडा कला महोत्सव भरतो, १९९९ पासून. त्याच्या आगेमागे बांद्र्याकडे बचत गटांचं महालक्ष्मी सरस. मग मार्चपासून शाळांना सुट्ट्या लागेपर्यंत सोसायट्या, हॉटेलं, कंपन्या यांची 'वारली वर्कशॉप' सुरू होतात. पिशवीवर वारली, कपावर वारली, कुर्त्यावर वारली, मोबाइलच्या कव्हरवरही वारली.

म्हणजे एकच कला एकाच ऋतूत दोन ठिकाणी नांदते. गावात ती देवाची असते, शहरात विकायची असते. विकण्यात वाईट काही नाही. शेतकरी भात पिकवतो ते काय नुसतं बघायला? प्रश्न एवढाच आहे की शहरात जे विकलं जातं, त्यातलं पाड्यावर किती येतं आणि कोणाच्या हातात येतं. दरवर्षी महोत्सव होतात, फोटो येतात, पुढाऱ्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन होतं. हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

कागद आला आणि चित्र बाहेर पडलं

हिशेब मांडायचा तर थोडं मागं जावं लागतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकला विभागाच्या कामातून डहाणूच्या पाड्यांवर आले. तोपर्यंत वारली चित्र म्हणजे घरातल्या अंधाऱ्या भिंतीवरचं, लग्नाचं चित्र. लग्न झालं, दिवस गेले, पुढच्या वेळी भिंत पुन्हा सारवली की ते पुसलं जायचं. जपून ठेवायची वस्तूच नव्हती ती. कुलकर्णींनी कागद आणि रंग दिले आणि चित्र पहिल्यांदा भिंतीवरून उतरून गावाबाहेर जायला लागलं.

गंजाडचे जिव्या सोमा मशे हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. १९७५ साली मुंबईत त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. २०११ ला पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले. डहाणू तालुक्यातल्या एका शेतकरी-मजुराच्या हातचं चित्र जगाच्या दालनात लागलं, ही साधी गोष्ट नाही. त्यांच्या पाठोपाठ शेकडो पोरांनी ब्रश हातात घेतला. आज गंजाड, कासा, विक्रमगड, जव्हार भागात चित्रावर घर चालवणारी कुटुंबं आहेत, त्याची सुरुवात तिथून आहे.

पण त्या बदलात एक गोष्ट गुपचूप सरकली. चौक लिहिणाऱ्या बायका होत्या. आजही लग्नघरी चौक सवासिनीच लिहितात, धवलेरी गाणं म्हणत लग्न लावते आणि चौकात पालघट देवी बसल्याशिवाय लग्नाचं काम पुढं जात नाही. बाजूला सूर्य, चंद्र, झाडं, फणी, शिडी, घोड्यावरचा देव. यातलं काय कुठं यायचं हे त्या बायकांना आईकडून, सासूकडून माहीत असतं. कागदावर मात्र चित्र आलं आणि ते बहुतेक करून पुरुषांचं झालं. कारण सरळ आहे. कागदाचं चित्र विकायला एसटी पकडून मुंबईला जावं लागतं, चार दिवस स्टॉलवर झोपावं लागतं, हिंदी बोलावं लागतं, बँकेत खातं आणि खिशात फोन लागतो. घर, पोरं, गुरं आणि पाण्याचा हंडा सोडून बाईला ते जमत नाही. अलीकडं काही बायका, मुली नावानिशी चित्रं करू लागल्या आहेत, बचत गटातून सरसला जातात, हे चांगलं आहे. तरी चित्राखाली सही कोणाची, हे बघितलं तर फरक आजही कळतो.

चौकाला सही नसते. एकीने रेघ ओढली, दुसरीने नक्षी भरली, तिसरीने देवीचे हात केले. ती चार-पाच जणींची मिळून गोष्ट असते. प्रदर्शनाला मात्र एक नाव लागतं, एक आधार कार्ड, एक खातं. सार्वजनिक विहिरीचा सातबारा एकाच्या नावावर चढवावा, तसं काहीसं इथं होतं.

घरकुलं आली, त्याने आणखी एक अडचण झाली. कारवीच्या कुडावर शेण आणि गेरू जसा धरतो तसा सिमेंटच्या भिंतीवर धरत नाही. ऑइलपेंट मारलेल्या भिंतीवर तर पीठ ओघळूनच जातं. मग कापडावर किंवा कागदावर चौक करून तो भिंतीला लावायचा, असा मार्ग निघतो. पक्कं घर कोणाला नको आहे? पण नवी भिंत चित्राला परकी झाली, हे खरं आहे.

गॅलरीचं गणित

शहरातल्या गॅलरीबद्दल गावाकडं दोन टोकाचे समज आहेत. एक, तिथं चित्र लागलं की लाखो रुपये. दुसरा, तिथं आपलं काय काम. दोन्ही चुकीचे आहेत.

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे. तिथं दालन आठवड्याच्या हिशेबाने मिळतं. आधी अर्ज, कामाचे नमुने, निवड समिती आणि मग नंबर लागायला काही वर्षं जातात. दालनाचं भाडं, चित्रांच्या फ्रेम, निमंत्रणपत्रिका, माल नेण्या-आणण्याचा टेम्पो, राहणं-खाणं हे सगळं चित्रकाराच्या डोक्यावर. आठवड्यात चित्रं गेली तर गेली, नाहीतर टेम्पो भरून परत. मोखाड्याच्या माणसाला हा जुगार परवडत नाही. म्हणून तिथं पोचायचं तर मध्ये कोणीतरी लागतो. कोणी संस्था, कोणी व्यापारी, कोणी शहरातला 'कलाप्रेमी'.

हा मधला माणूस सगळाच वाईट असतो असं नाही. तो भाडं भरतो, जोखीम घेतो, गिऱ्हाईक ओळखतो. काही संस्थांनी मनापासून काम केलं आहे. पण टोमॅटोच्या आडत्यासारखंच इथंही आहे. माल कोणाचा, भाव कोण ठरवतो? समजा, एका कापडावरच्या चित्राला पाड्यावर आठशे रुपये हातात पडले. तेच चित्र फ्रेममध्ये बसून शहरात आठ हजाराला गेलं. मधल्या सात हजार दोनशेत फ्रेम आहे, भाडं आहे, कमिशन आहे, हे मान्य. पण चित्रकाराला विक्रीची किंमत कळलीच नाही, तर पुढच्या वेळीही तो आठशेच मागणार. शेतमालाचा बाजारभाव निदान फोनवर बघता येतो. चित्राचा भाव कुठं बघायचा?

यावर एक साधी गोष्ट करता येते. चित्र देताना कागदावर चार ओळी लिहून घ्यायच्या. किती चित्रं दिली, कोणत्या मापाची, रोख घेतली की विक्रीवर दिली, विकलं तर किती टक्के कोणाला आणि न विकलं तर कधी परत. व्हॉट्सअपवर पाठवलं तरी पुरावा राहतो. पण गावात हे कोणी करत नाही, कारण 'ओळखीचा माणूस आहे, कागद कसा मागायचा' ही भीड. ओळखीच्या माणसाने दोन वर्षं चित्रं ठेवून घेतली आणि फोन उचलणं बंद केलं, अशा तक्रारी मग चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतात.

वर्कशॉपचंही तसंच. शहरातली मंडळी दोन तासांचं वर्कशॉप ठेवतात, प्रत्येक माणसाकडून फी घेतात. शिकवायला गावचा कलाकार बोलावला तर त्याचं मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवून घ्यावा. मोखाड्याला रेल्वे नाही. पहाटेची गाडी धरून जायचं आणि रात्री उशिरा परतायचं, म्हणजे दोन तासांचं काम हा अख्खा दिवस असतो. शिवाय बऱ्याच वर्कशॉपांत शिकवणारी व्यक्ती वारली नसतेच. शहरातल्याच कोणीतरी चार त्रिकोण जोडायचं शिकून घेतलेलं असतं. याला कायद्याने मनाई नाही. पण वर्कशॉपला पैसे भरणाऱ्याने, 'शिकवायला कोण येणार आहे?' एवढं विचारलं तरी बराच फरक पडेल.

जीआय आहे, पण कोणासाठी?

२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. डहाणू भागातल्या आदिवासी युवकांच्या संस्थेने त्यासाठी धडपड केली. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हाही झाला. दोन्ही बातम्यांचे पेढे वाटले गेले. त्यानंतर जीआय हा शब्द भाषणात खूप वेळा आला, चित्रकारांच्या घरात फार कमी वेळा.

त्याचं कारण जीआय म्हणजे काय हेच नीट सांगितलं गेलं नाही. जीआय हे नावाचं संरक्षण आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी म्हणून दुसरीकडची विकता येत नाही, तसं 'वारली चित्र' हे नाव लावून दुसरीकडं छापलेला माल विकता येऊ नये, यासाठी ते आहे. पण एखाद्याने त्रिकोणाची माणसं आणि गोल फेर शर्टावर छापला आणि 'वारली' हा शब्दच वापरला नाही, तर जीआयचा हात तिथपर्यंत सहज पोचत नाही. २०१० च्या दिवाळीत एका मोठ्या शीतपेय कंपनीने जाहिरातीत वारली चित्रं वापरली, तेव्हा आदिवासी तरुणांनी आवाज उठवला होता. तेव्हा तर जीआयही नव्हतं.

दुसरी गोष्ट अशी की जीआय संस्थेला मिळालं म्हणजे प्रत्येक चित्रकाराला आपोआप मिळालं असं होत नाही. चित्रकाराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करायची असते. अर्ज चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे जातो, फॉर्मचं नाव जीआय-३. २०२० च्या दुरुस्तीने या अर्जाची फी ५०० वरून १० रुपयांवर आली. दहा रुपये! चहाच्या कपाइतके. फीची अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती फॉर्म भरणाऱ्या माणसाची, आणि आपण चित्र करतो याचा पुरावा जोडायची. ज्या बाईने चाळीस लग्नांचे चौक लिहिले तिच्याकडं पुरावा काय? ना बिल, ना प्रमाणपत्र, ना कात्रण. व्यापाऱ्याकडं मात्र फाइल जाडजूड.

जीआयपेक्षा जवळचं हत्यार एक आहे, ते म्हणजे कॉपीराइट. स्वतः रचलेल्या चित्राचा कॉपीराइट चित्र पूर्ण झालं की त्याच क्षणी चित्रकाराचा होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. लग्नाचा पारंपरिक चौक सगळ्यांचा, त्यावर एकट्याचा हक्क कोणी सांगू नये. पण कोणी भातलावणीचं, मासेमारीचं किंवा वाढवणच्या बंदराचं स्वतःच्या डोक्यातून चित्र केलं, तर ते त्याचं आहे. चित्राखाली सही, मागे तारीख, फोनमध्ये स्वच्छ फोटो. एवढं केलं तर उद्या ते चित्र कॅलेंडरवर छापलेलं दिसलं, तेव्हा दाखवायला काहीतरी असतं. आता होतं असं की पोरं उत्साहात मोठ्या आकाराचा फोटो फेसबुकवर टाकतात, सही नसते, आणि महिन्याभरात ते 'डिझाइन' होऊन कुठल्यातरी छपाईवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये जातं. फोटो टाकावा, पण लहान करून आणि नावासकट.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेबद्दलही ग्रामपंचायतीत विचारणा होते. त्या योजनेच्या १८ व्यवसायांत टोपल्या विणणारे आहेत, कुंभार आहेत, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत, पण चित्रकार नाहीत. त्यामुळं तिथं हेलपाटे मारण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा केंद्राच्या हस्तकला आयुक्तालयाचं 'पहचान' कार्ड काढावं. सरकारी मेळ्यात स्टॉलसाठी अर्ज करताना ते उपयोगी पडतं. ते बायकांच्या नावाने काढायला काहीच हरकत नाही. किंबहुना आधी त्यांच्याच नावाने निघायला हवं.

बोहाडा बघायला तिकीट नाही

आता गावातल्या प्रदर्शनाकडं येऊ. बोहाड्याला कोणी प्रदर्शन म्हणत नाही, पण रात्रभर चालणारं इतकं मोठं मुखवट्यांचं दर्शन कुठल्या गॅलरीत होणार? गणपती, सरस्वतीपासून सुरुवात, मग एकेक सोंग. त्राटिका येते, नरसिंह येतो, रावणाचा तो अवजड मुखवटा सांभाळत नाचणाऱ्याच्या मानेची परीक्षा होते. मशालीचा उजेड, संबळ आणि सनईचा ठेका. पहाटेकडं जगदंबा आणि महिषासुराची लढाई. अनेक गावांत सोंग घराण्यात चालत आलेलं असतं. आजोबाने नाचवलं, बापाने नाचवलं, आता नातू. त्यासाठी मुंबई-नाशिकला नोकरीला असलेला पोरगा रजा टाकून येतो.

मुखवटे करणारे हात आता मोजके राहिलेत. जव्हार तालुक्यात रामखिंडसारख्या गावात हे काम चालतं. कागदाचा लगदा, वाळवणं, घासणं, रंग. एकेका मुखवट्याला बरेच दिवस जातात. गाव वर्गणी काढून वाजंत्री, मांडव, दिवाबत्तीचा खर्च भागवतं, पण मुखवटा करणाऱ्याला दरवर्षी नवीन काम मिळतंच असं नाही, कारण चांगला मुखवटा वर्षानुवर्षं टिकतो. त्याच्या कामाचा चांगलेपणाच त्याच्या पोटावर येतो. शहरात भिंतीला लावायला लहान मुखवटे विकले जातात, त्यावर काहींचं भागतं. यात एक पथ्य गावंच पाळतात, ते बाहेरच्यांनी समजून घ्यायला हवं. पूजेतला मुखवटा वेगळा, विकायचा वेगळा. कोणी पर्यटक पैसे दाखवून देवाचाच मुखवटा मागत असेल तर त्याला नाही म्हणायचा हक्क गावाला आहे.

पर्यटनाच्या नावाखाली बोहाडा 'महोत्सव' करावा, स्टेज बांधावं, दोन तासांत आटपावा, अशी सूचना अधूनमधून येते. ती ऐकायला बरी, पण बोहाडा स्टेजवर चढला की तो गावाचा राहत नाही. लोक भोवती उभे असतात, सोंग त्यांच्यातून वाट काढत येतं, लहान पोरं घाबरून आईच्या पदरात शिरतात, तो बोहाडा. बाहेरच्यांनी यावं, बघावं, रात्र जागावी. गावाने त्यांना जेवण द्यावं आणि त्याचे पैसे घ्यावेत. बाजूला चित्रांचा, बांबूच्या वस्तूंचा, नाचणीच्या पापडांचा बाजार मांडावा. कमाई बाजाराची होऊ द्या, देवाचं सोंग आहे तसं राहू द्या.

हाच विचार डहाणूच्या महालक्ष्मी यात्रेला लागू होतो. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याला यात्रा भरते, पंधरवडाभर चालते. मुंबई-अहमदाबाद हायवेला लागून, गुजरातपासून भाविक येतात. पाळणे, खेळणी, मिठाई, प्लास्टिकच्या वस्तू, सगळ्यांना जागा असते. वारली कलेच्या तालुक्यातली ही सगळ्यात मोठी गर्दी. मुंबईत आठवड्याच्या भाड्याने दालन मिळवायला वर्षं जातात, आणि इथं गिऱ्हाईक स्वतःच्या पायाने दारात येतं. यात्रेत चित्रकारांची एक अख्खी रांग, तीही बायकांच्या हाती, अशी ठरवून लावली पाहिजे. छापलेला माल बाहेर आणि हाताने केलेलं आत, हा नियम त्या रांगेला लावता येईल. हजार रुपयांचं एक चित्र कोणी पटकन घेणार नाही, पण शंभर-दीडशेचं लहान चित्र देवीच्या प्रसादाबरोबर घरी जाईल.

यासाठी मंत्रालयाची वाट बघायची गरज नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे तालुके पेसा कायद्यात येतात. १९९६ च्या त्या कायद्यात गावाच्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. आतापर्यंत हा अधिकार जंगल, गौण खनिज, दारूचं दुकान यासाठी वापरला गेला. चौक लिहिणाऱ्या बायकांची यादी, मुखवटे करणाऱ्यांची यादी, कोणत्या घराचं कोणतं सोंग, याची नोंद ग्रामसभेच्या ठरावात आली तर ती सरकारी कागदावरची नोंद होते. ज्या बाईकडं बिल नाही, कात्रण नाही, तिला अर्जाबरोबर जोडायला एक कागद मिळतो.

१ मेची ग्रामसभा बोहाड्याच्या हंगामातच येते. लोक गावात असतात, भट्टीवरून परतलेले असतात. पाणी, रस्ता, घरकुल हे विषय असणारच. त्यांच्या खाली हा एक विषय घालायचा तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं आठवडाभर आधी लेखी द्यावं लागेल.